ओल्या पावलांची परीक्षा

३ नोव्हेंबर, सोमवार

धाकटी आली. कायमची. बदली मागून घेतलीय म्हणे, आणि घर घेतलंय ते माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. एवढ्या मोठ्या गावात तिला दुसरी गल्ली मिळाली नाही.

संध्याकाळी लेकीला घेऊन आली. बेचाळीस पूर्ण झाली तरी अजून उभी अशी राहते, की आता कुणी शिट्टी वाजवेल आणि ही सुटेल. पोट नाही, केस काळे. मी दार उघडलं तेव्हा माझ्या हातात फरशी पुसायचं फडकं होतं. तिला मी नेहमी अशाच अवतारात सापडते. बूट तिनं दाराबाहेर काढले, मोजे मात्र पायातच ठेवले. ही तिची शाळेपासूनची खोड. आई म्हणायची, महाराणींचे पाय मळतात.

"ताई, हिला तुझ्या शाळेत घातलंय, आठवीत," ती म्हणाली. "पळते बरी. तुझ्या हाताखाली असू दे."

"माझ्या हाताखाली सगळ्याच असतात. अकरा वर्षांत एक पदक आलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते."

"असू दे गं. मला तूच हवीस," म्हणाली आणि हसली.

या हसण्याचा अर्थ काय, यावर माझी सगळी संध्याकाळ गेली. नवरा म्हणाला, "हसली, एवढाच अर्थ." त्याचं चष्म्याचं दुकान आहे. त्याला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात, एक जवळचं न दिसणारी आणि दुसरी लांबचं न दिसणारी. मी कुठल्या प्रकारात, ते सांगत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

भाचीला आज मैदानावर पहिल्यांदा पळवलं. शंभर मीटर. घड्याळ बघितलं आणि वाटलं, बिघडलं. दुसऱ्यांदा पळवलं. घड्याळ ठीक आहे.

तेरा वर्षांची काडी. खांदे सैल, मान सरळ, तोंडावर ताण नाही. धाकटीच परत आली असं म्हणणार होते, पण धाकटी पळताना दात खायची. ही तशी नाही.

पाणी पिताना म्हणाली, "मावशी, आई म्हणते तू तिच्यापेक्षा वेगात पळायचीस."

"शाळेत बाई म्हणायचं."

"बाई, आई म्हणते तू तिच्यापेक्षा वेगात पळायचीस."

आता लेकीच्या तोंडून जखमेवर मीठ चोळायचं! स्वतः येऊन बोलायची हिंमत नाही. मी पोरीला म्हणाले, शेवटच्या वीस मीटरमध्ये हात आखडतात तुझे, आधी ते बघ.

८ नोव्हेंबर, शनिवार

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, तरी एकदा नीट लिहून काढते. तीस वर्षं नुसती मनात घोळवतेय.

मी चौदाची होते, ती बाराची. आंतरशालेय स्पर्धेला आमच्या शाळेतून धावण्यासाठी एकच मुलगी घेणार होते. निवडीत मी पहिली, ती दुसरी. मग डॉक्टर आले. परातीत पाणी होतं. पाय बुडवायचे आणि कोरड्या सिमेंटवर चार पावलं चालायचं. माझा ठसा उमटला तो गरम इस्त्री टेकवल्यासारखा, टाचेपासून बोटांपर्यंत सलग. आतल्या बाजूला जी कमान हवी, तिचा पत्ताच नाही. डॉक्टरांनी कागदावर इंग्रजीत लिहिलं, फ्लॅट-फुटेड. तोंडानं म्हणाले, सपाट पाय, पळताना त्रास होईल, पुढची मुलगी आणा.

पुढची मुलगी म्हणजे धाकटी. तिचा ठसा टाच, मग बाहेरच्या कडेनं एक बारीक रेघ, मग पाच टिपके. चित्रातल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, याला म्हणतात पाय!

माझी जागा तिला मिळाली. ती जिंकली, मग जिंकतच गेली. खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळाली, त्याच कचेरीत नवरा मिळाला. सगळं त्या एका ठशावर उभं आहे. आणि मी? जिला पळता येत नाही तिच्या हातात शिट्टी देतात, तशी दिली. मी एका दिवसासाठीसुद्धा तिचं वाईट चिंतलेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते.

इथं खरं लिहायचं म्हणून लिहिते. दर वेळी चिंतलं.

तो इंग्रजी शब्द मी पुढं कोशात पाहिला होता. पहिला अर्थ, तळवे सपाट असलेला. दुसरा, ऐन वेळी गाफील सापडलेला, हलायच्या आत ज्याच्यावर प्रसंग ओढवला तो. तिसरा, ज्याच्या बोलण्यात किंवा वागण्यात चपळाई नाही, बोजड. डॉक्टरांना एकच म्हणायचं होतं. मी घरी जाऊन तिन्ही लावून घेतले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पायांचा पेपर. हे नाव मुलींनी ठेवलंय. दर वर्षी संघ निवडायच्या आधी नळापाशी घमेल्यात पाणी ठेवते आणि सामानाच्या खोलीसमोरच्या सिमेंटवर एकेकीला ओल्या पायांनी चालवते. कुणाला कसले बूट घ्यावेत हे कळतं. निदान मोठ्या बाईंना मी कारण तेच सांगते.

भिंगरी, मुकी, चष्मेवाली, शिडी, मैदानावर या सगळ्या अशाच टोपणनावांनी ओळखल्या जातात, सगळ्यांचे ठसे नेहमीसारखे. मग भाची. पाण्यात पाय घालून चार पावलं चालली. टाच, बारीक रेघ, पाच टिपके. आईचाच पाय! यांना देव हातचं राखून देत नाही.

मी वहीत लिहायला वळले. तेवढ्यात तिच्या हातातला रुमाल वाऱ्यानं उडाला आणि ती तशीच ओल्या पायांनी त्याच्यामागे धावली. चालत परत आली तेव्हा सिमेंटवर सहा-सात ठसे नवीन होते. सलग. आतली बाजू भरलेली.

मी वाकून बघितलं. माझेच पाय. चौदाव्या वर्षीचे.

"पुन्हा चाल," मी म्हणाले.

ती चालली. या वेळी नीट बघितलं. बोटं आत ओढून, पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालत होती. खोटा ठसा!

"हे कुणी शिकवलं?"

ती लाल झाली. "आईनं. ती म्हणाली, कुणी ओल्या पायांनी चालायला सांगितलं तर असं चालायचं."

म्हणजे पोरीचे पाय कसे आहेत हे धाकटीला ठाऊक होतं, आणि लांडीलबाडी करून तिला संघात घुसवायचं ठरवूनच ती इथं आली. केवढी आतल्या गाठीची! स्वतःला सगळं आयतं मिळालं, आता लेकीसाठीही सरळ वाट नको.

मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते पण झाला. अगदी मोठा झाला. तिच्या घरात माझे पाय जन्मले!

१६ नोव्हेंबर, रविवार

डिसेंबरातल्या आंतरशालेय स्पर्धेसाठी रिलेचा संघ ठरवला. भिंगरी, मुकी, चष्मेवाली, शिडी. भाची राखीव. तिच्या पायांची काळजी म्हणूनच हा निर्णय. वाढतं वय आहे, नडगी धरते, गुडघे जातात. पुढं कुणी मला बोल लावायला नको.

धाकटीला फोन करून सांगितलं. जय्यत तयारीनं बसले होते. ती अशी म्हणाली तर मी तशी म्हणेन, सगळं जुळवून ठेवलं होतं.

ती म्हणाली, "तिच्या पायांमुळे?"

"हो. आणि तू तिला काय शिकवलंस तेही कळलंय मला."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

भांडली असती तर बरं वाटलं असतं. नुसतं 'बरं' काय? नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "तुला त्रास पायांचा आहे की बहिणीचा?" मी त्याला चहा दिला नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

भिंगरीचे वडील हाडांच्या दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवतात. मुलीला न्यायला आले होते. भाची बाकावर बाटल्या भरत होती. ते म्हणाले, "ही का नाही पळत? परवा बघितली मी, वाऱ्यासारखी आहे."

मी सांगितलं, सपाट पाय.

त्यांनी तिला हाक मारली आणि टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. ती उभी राहिली. पावलाच्या आतल्या बाजूला कमान उठून आली, स्पष्ट. "बघा," ते म्हणाले, "टेकल्यावर सपाट, उचलल्यावर कमान. याला काही होत नाही. आणि पळताना टाच टेकवून कोण पळतं? दुखत असेल तर वेगळं. दुखतं का गं?"

"नाही," भाची म्हणाली.

"जुन्या काळी उगाच नापास करायचे," ते हसून म्हणाले आणि लेकीला घेऊन गेले.

घरी येऊन न्हाणीघराचं दार लावलं. भिंतीवरच्या आरशाचा उपयोग नाही, म्हणून नवऱ्याचा दुकानातला हातआरसा जमिनीवर ठेवला आणि चवड्यांवर उभी राहिले. चव्वेचाळीस वर्षांचे पाय. कमान आली. डाव्याला जरा कमी, पण आली. मला कधीही दुखलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. नवऱ्यानं दार वाजवलं, "पडलीस का?" मी म्हणाले, नाही.

आता भाचीला घ्यायला हवं, हे मला कळतं. पण यादी मोठ्या बाईंच्या सहीनं गेलीय. शिडीनं घरी सांगून टाकलंय. एकदा घेतलेला निर्णय सारखा बदलला तर मुलींना काय शिस्त लागणार? अशी तीन कारणं मी काढली. चौथं लिहीत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

सराव. बॅटन घ्यायला शिडी उभी राहते ती दोन्ही टाचा टेकवून, बसस्टॉपवर उभं राहावं तशी. चष्मेवाली जीव तोडून येते आणि ही तिथंच. मग गडबडीत हात मागे, बॅटन खाली. दहा वेळा सांगितलं, वजन पुढं, टाच उचललेली, मागचीचं पाऊल खुणेवर पडलं की सुटायचं. ती म्हणते, "हो बाई," आणि पुन्हा टाचा टेकवते. उंच आहे, मन लावून करते, पण तिला हलायला अर्धा सेकंद जास्त लागतो. आणि रिलेत अर्धा सेकंद म्हणजे सगळंच.

रेषेबाहेर भाची बाटल्या घेऊन उभी होती. तिच्याकडे लक्ष गेलं. चष्मेवाली खुणेवर आली की दर वेळी तिची टाच आपोआप उचलली जात होती. हातात बाटल्या, आणि टाच वर.

मी जवळ जाताच मुली बोलायच्या थांबल्या. हल्ली थांबतात. शिडीनं विचारलं, "बाई, ती का नाही?" मी म्हणाले, आपल्या पायांकडे बघ. ती माझ्याच पायांकडे बघत राहिली. आगाऊ झाल्यात सगळ्या.

भाची तक्रार करत नाही. तिनं एकदा जरी तोंड वाकडं केलं असतं तर मला काही तरी धरायला मिळालं असतं.

१४ डिसेंबर, रविवार

नवरा दुकानात होता. दुपारी धाकटी एकटी आली. बसली नाही. "ताई, न्हाणीघर कुठंय?" म्हणाली. हात धुवायचे असतील असं वाटलं.

पाण्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली. मोजे हातात होते आणि पाय ओले. न्हाणीघराच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत सरळ चालत आली. सावकाश, एकेक पाऊल पूर्ण टेकवत.

"बघ," म्हणाली.

मी बघितलं. फरशीवर आठ ठसे होते. सलग, इस्त्रीसारखे. माझ्यापेक्षाही सपाट.

मला काही सुधरेना. इतकी वर्षं मोजे! पोरीला शिकवलेली चाल! सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी खेळाची बाई, वर्षाला शंभर पाय तपासते.

"तू त्या दिवशी..." मी म्हणाले.

"तू पुढं होतीस," ती म्हणाली. "तुझा ठसा पडला. डॉक्टर नाही म्हणाले. मला माहीत होतं माझेही तसेच आहेत, आपण दोघी आंघोळीहून येताना आई ओरडायची ना, कुणाची पावलं ती कळत नाहीत म्हणून. माझ्या हातात एक मिनिट होतं. मी बोटं आत ओढली."

"मला का नाही सांगितलंस? डॉक्टर तिथंच होते. मला पुन्हा चालायला दिलं असतं."

"म्हणून तर नाही सांगितलं."

तिनं हे असं सरळ म्हटलं की मला राग यायलाही वेळ लागला.

"तू पळाली असतीस तर मी बसले असते, ताई. तू वेगात होतीस. सगळ्यांना माहीत होतं. घरात, शाळेत, गल्लीत, सगळीकडे ताई. मी दुसरी आले तर बाबा म्हणायचे, अगं ताईच्या मागे आलीस ना, मग चांगलंच की. मला मागे यायचं नव्हतं."

"तू माझा हेवा करायचीस?"

"बारा वर्षांची होईपर्यंत मी दुसरं केलं काय?"

मी इतकी वर्षं जी गोष्ट फक्त माझी समजत होते, ती आधी तिची होती. हे ऐकून मला बरं वाटलं आणि लगेच तिच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. दोन्ही एकाच वेळी.

"मग आता कशाला सांगतेस? पोरीला संघात घ्यावं म्हणून?"

"हो," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? आधी तिलाही तीच चाल शिकवली, कारण मला तेवढंच येतं. पण तिला पकडलंस. आणि ती घरी येऊन म्हणाली, आई, मावशीचं बरोबर आहे, मी फसवलं. त्या दिवसापासून जेवण जात नाही मला. तू मला काय वाटेल ते म्हण. तिला पळू दे."

"ऊठ," मी म्हणाले. ती उभीच होती. "म्हणजे जा."

जाताना तिनं कोपऱ्यातलं फडकं घेतलं, वाकून आठही ठसे पुसले, फडकं पिळून वाळत घातलं, मोजे चढवले आणि गेली.

१५ डिसेंबर, सोमवार

काही लिहायचं नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

नवऱ्याला सांगितलं. त्यानं पहिल्यांदाच चष्मा काढून ठेवून ऐकलं. म्हणाला, "तुझी तीस वर्षं तिच्यामुळे गेली, हे खरं. पुढची कुणामुळे जाणार ते बघ." एरवी विनोद करतो तेच बरं.

१८ डिसेंबर, गुरुवार

स्पर्धा उद्या. नियम असा आहे की शर्यतीच्या अर्धा तास आधीपर्यंत शिक्षकाच्या सहीनं एक नाव बदलता येतं. म्हणजे सगळं माझ्या हातात आहे. आयुष्यात पहिल्यांदा.

पोरीला बाकावर ठेवलं तर फिटंफाट होईल. धाकटी कठड्याशी उभी राहून बघेल, तिच्या लेकीच्या जागी दुसरी पळेल, आणि तिला कळेल. मी हे चित्र आज वर्गात, जेवताना, रस्त्यानं चालताना पुन्हा पुन्हा काढलं. प्रत्येक वेळी छान दिसलं. फक्त त्यात बाकावर एक पोरगी बसलेली असते आणि तिच्याकडे बघायचं मी टाळते.

आणि तिला घेतलं तर शिडीला काढावं लागेल. शिडीचा काय दोष? तिला मी निवडलं, ती महिनाभर उन्हात राबली. ऐन वेळी येऊन तिला सांगायचं, तू नाही. हे मला कुणी सांगितलं तेव्हा कसं वाटलं, ते मला नको का माहीत असायला? तरी मी स्वतःच हे घडवून आणलं. नोव्हेंबरात शहाणपण दाखवलं असतं तर आज कुणाला काढायची वेळ आली नसती.

अजून ठरलेलं नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

स्पर्धेच्या ठिकाणी मुलींना कपडे बदलायला एक खोली दिली होती. दोन बाक, एक तुटका पंखा, खुंट्यांवर दप्तरं. पाचही मुली होत्या. शिडीच्या छातीवर नंबर लावून झाला होता. भाची नेहमीसारखी बाटल्या मोजत होती. पंचेचाळीस मिनिटं उरली होती.

मी दार लावलं आणि म्हणाले, "संघ बदलायचाय. शेवटच्या टप्प्याला शिडी नाही, ही पळेल."

शिडीनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे कारण तयार होतं, की सरावात बॅटन खाली पडते, संघाच्या भल्यासाठी. ते अर्धं खरंही होतं. तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"ही तुमच्यात सगळ्यात वेगात आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मी हिला घेतलं नाही, कारण मला हिच्या आईचा हेवा वाटतो. ती माझी सख्खी बहीण आहे. पायांचं कारण खोटं होतं. शिडी, तुझी काही चूक नाही. चूक माझी आहे आणि ती मी तुझ्या माथी मारतेय."

मोठ्या बाई ऐकत असतील तर नोकरी जाईल असं वाटून गेलं.

शिडी म्हणाली, "माहीत होतं, बाई."

"काय?"

"सगळ्यांना माहीत होतं," भिंगरी म्हणाली. "ती पळायला लागली की तुमचं तोंड असं व्हायचं." आणि तिनं करून दाखवलं. मुकी हसली. मुकीला मी दोन वर्षांत हसताना बघितलं नव्हतं.

पण शिडी हसली नाही. ती नंबराच्या पिना काढायला लागली. "आधी सांगायचं ना, बाई," ती म्हणाली. "मी आईला बोलावलंय. तिनं कामावर खाडा केलाय."

मी नुसतं म्हणाले, "चुकलं माझं." ती पिना एकेक करून भाचीच्या हातात देत राहिली. भाची घेईना. म्हणाली, "मला नको. तू पळ." शिडीनं तिच्या पाठीत धपका घातला. "पळ गं. मी काय, टाचा टेकवूनच उभी राहणार." आणि मग ती रडली. भिंतीकडे तोंड करून, आवाज न करता.

मी यादीवर सही केली. मग पायऱ्या चढून शिडीच्या आईपाशी गेले. डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही शिकलेल्या बाई, तुमच्याकडून हे नव्हतं अपेक्षित." मी मान खाली घालून ऐकलं. खाली आले तेव्हा मुली रेषेवर होत्या.

भिंगरी छान सुटली. मुकीनं जागा राखली. चष्मेवालीला वळणावर दोघींनी गाठलं, तिसरीनं मागे टाकलं. बॅटन भाचीच्या हातात पडली तेव्हा आम्ही पाचव्या होतो. मग काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही, कारण मी ओरडत होते. माझ्या शेजारी शिडीही ओरडत होती, कुणाच्या नावानं कोण जाणे. आम्ही दुसऱ्या आलो. अकरा वर्षांनी पदक आलं.

धाकटी कठड्याशी आली. पोरगी तिच्या अंगावर रेलून धापा टाकत होती. मी जवळ गेले. घड्याळ माझ्या मुठीत होतं. शेवटच्या टप्प्याची वेळ मी वेगळी घेतली होती, सवयीनं.

रविवारनंतर आम्ही बोललो नव्हतो. ती म्हणाली, "थँक्स, ताई." मी म्हणाले, "तुझ्यासाठी नाही केलं. तुझ्यावरचा राग आहे तिथंच आहे." तिनं मान हलवली.

मग तिनं विचारलं, "वेळ काय आली हिची?"

"चांगली."

"माझ्यापेक्षा?"

"तुझ्यापेक्षा वेगात. बरीच."

ती हसली, मनापासून. मग पोरीच्या केसांतून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुझ्यापेक्षा?"

रिलेतली वेळ आणि साध्या शर्यतीतली वेळ एका मापानं मोजत नाहीत, रिलेत पोरगी आधीच धावत असते. हे तिलाही माहीत आणि मलाही. ती सूट दिली तरी हिशेब स्पष्ट होता. माझी चौदाव्या वर्षीची वेळ मला पाठ आहे, आणि धाकटीलाही असणार.

मी घड्याळ शून्यावर आणलं.

"माझ्यापेक्षा नाही," म्हणाले.

धाकटी माझ्याकडे बघत राहिली. "वाटलंच मला," ती म्हणाली आणि लेकीला म्हणाली, "ऐकलंस?"

पोरगी माझ्याकडे बघून हसली. तिला ते खरं वाटलं.

साफ खोटं होतं. पण एक शर्यत मला जिंकायचीच होती, आणि धाकटीनं ती मला जिंकू दिली. पोरीला सोमवारी सरावाला खरं काय ते सांगेन. सोमवारी नाही तर मंगळवारी.